बोटाएवढं पिल्लू, तांदळाएवढी चिप: सॅल्मनची पिल्लं समुद्रापर्यंत पोहोचतात की नाही, हे कळतं कसं?

एक व्हिडिओ तुमच्याही फोनवर कधीतरी येऊन गेला असेल. एका लांबलचक लवचीक नळीत मासा घालतात, तो सर्रकन आत ओढला जातो आणि धरणाच्या पलीकडच्या पाण्यात जाऊन पडतो. २०१९ मध्ये हा 'सॅल्मन कॅनन' जगभर फिरला. खाली कमेंटमध्ये नुसत्या हसण्याच्या इमोजी.

पण त्या व्हिडिओत गोष्ट अर्धीच आहे. त्यातला मासा मोठा आहे, समुद्रातून परत येऊन नदीत वर चढणारा. त्याच्यासाठी नळी आहे, पायऱ्यापायऱ्यांचा 'फिश लॅडर' आहे. खरा अवघड प्रश्न उलट्या बाजूचा आहे. नदीत जन्मलेली बोटाएवढी लाखो पिल्लं जेव्हा खाली समुद्राकडे निघतात, तेव्हा त्यांना धरणापलीकडे कोण नेणार? आणि नेली, तर त्यातली किती जगली हे मोजायचं कसं?

मी हिंगोली जिल्ह्यातला. समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर लांब. तरी हा विषय घेतला, कारण माझे मामा सिद्धेश्वर धरणात मासेमारी करतात आणि दर पावसाळ्यात त्यांच्यासमोर याच प्रश्नाची गावाकडची आवृत्ती उभी राहते. तिकडे आपण शेवटी येऊच.

आधी एक गैरसमज काढून टाकू

मासे घरपोच देणाऱ्या ॲपवर 'इंडियन सॅल्मन' असं लिहिलेलं दिसतं. तो आपला रावस. चवीला भारी, पण सॅल्मनच्या कुळातला नाही. खरा सॅल्मन (उच्चार खरं तर 'सॅमन', पण आपण बोलतो तसंच लिहितो) थंड पाण्याचा मासा आहे. भारताच्या नद्यांमध्ये तो नाही.

पिल्लू हा शब्दही जरा नीट बघू. आपल्याकडे मत्स्यपालनात माशाच्या बाळाला वयाप्रमाणे नावं आहेत. अंड्यातून नुकतं निघालेलं ते मत्स्यजिरे, कारण दिसतं जिऱ्यासारखं. थोडं वाढलं की मत्स्यबीज. बोटाएवढं झालं की मत्स्यबोटुकली. सॅल्मनच्या बाबतीत इंग्रजीत अशी चार-पाच नावं आहेत. त्यातलं समुद्राकडे निघालेल्या बोटुकलीचं नाव 'स्मोल्ट'. आजचा लेख या स्मोल्टबद्दल.

गोड्या पाण्यातून खाऱ्यात: शरीरच उलटं करावं लागतं

सॅल्मनची मादी नदीच्या वरच्या भागात, वाळू-गोट्यांत खड्डा करून अंडी घालते. पिल्लं तिथंच फुटतात. जातीप्रमाणे काही महिने ते दोन-तीन वर्षं नदीतच वाढतात. या काळात त्यांच्या अंगावर उभे काळसर पट्टे असतात, म्हणजे गोट्यांमध्ये लपायला सोपं.

मग वसंतात दिवस मोठे होऊ लागतात, पाणी थोडं कोमट होतं, आणि पिल्लाच्या शरीरात बदल सुरू होतात. पट्टे जाऊन अंग चांदीसारखं चकाकतं. शरीर सडपातळ होतं. पण सगळ्यात मोठा बदल कल्ल्यांमध्ये होतो आणि तो बाहेरून दिसत नाही.

गोड्या पाण्यात माशाच्या अंगात मीठ जास्त, बाहेर कमी. त्यामुळे बाहेरचं पाणी सारखं अंगात शिरतं आणि मीठ बाहेर जातं. म्हणून नदीतला मासा पाणी जवळजवळ पीत नाही, भरपूर लघवी करतो आणि कल्ल्यांमधून मीठ आत ओढतो. समुद्रात सगळं उलटं. तिथं अंगातलं पाणी बाहेर निघून जातं. मासा समुद्राचं पाणी पितो आणि कल्ल्यांमधल्या पेशी जास्तीचं मीठ बाहेर फेकतात. म्हणजे तीच मोटर, पण फिरायची दिशा बदललेली. काही आठवड्यांत हे सगळं आतून बदलायचं आणि त्याच वेळी शेकडो किलोमीटर प्रवास करायचा.

इथंच सगळा पेच आहे. ही तयारी कायम टिकत नाही. पिल्लू ठरावीक मुदतीत खाऱ्या पाण्यात पोहोचलं नाही, तर शरीर पुन्हा नदीच्या पद्धतीकडे वळू लागतं. वाहत्या नदीत पाणीच त्याला खाली घेऊन जातं. सुरुवातीला तर पिल्लं बरेचदा शेपूट पुढे आणि तोंड प्रवाहाकडे अशी उलटीच वाहत जातात, आणि जास्त करून रात्री. पण धरणाच्या जलाशयात पाणी उभं असतं. तिथं वाहायला काही नाही, स्वतः पोहावं लागतं. दिवस वाया जातात. धरण म्हटलं की आपल्याला भिंत दिसते, पण पिल्लासाठी भिंतीच्या आधीचं संथ पाणीही तेवढंच मोठं संकट आहे.

आणखी एक गोष्ट या प्रवासात होते. पिल्लू आपल्या नदीचा वास लक्षात ठेवतं. अमेरिकेतल्या आर्थर हॅस्लर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात मिशिगन सरोवरात याचा प्रयोग केला. पिल्लांना एका विशिष्ट रसायनाच्या वासात वाढवलं आणि सोडून दिलं. मोठे झाल्यावर ते मासे त्याच वासाच्या ओढ्यात परत आले, ज्यात ते रसायन मुद्दाम सोडलेलं होतं. म्हणजे जाताना रस्ता नीट 'सेव्ह' झाला, तरच येताना घर सापडतं.

टर्बाइनमध्ये काय होतं? तुमच्या फोनमधले सेन्सर सांगतात

महाबळेश्वरला जाताना गाडीतलं चिप्सचं पाकीट फुगतं, बघितलंय ना? बाहेरचा दाब कमी झाला की आतली हवा पसरते. माशाच्या पोटातही हवेची पिशवी असते. दहा मीटर खोल पाण्यात दाब पृष्ठभागापेक्षा साधारण दुप्पट. त्या खोलीला सरावलेलं पिल्लू टर्बाइनमध्ये ओढलं गेलं, तर पात्याच्या मागे दाब क्षणात कोसळतो. दाब निम्मा झाला की हवेचं आकारमान दुप्पट. पिशवी फुटू शकते, डोळे बाहेर येऊ शकतात. पात्याचा फटका बसला नाही तरी पिल्लू मरू शकतं.

हे नेमकं कळावं म्हणून अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट नॅशनल लॅबोरेटरीने 'सेन्सर फिश' बनवला. जेमतेम ९ सेंटिमीटरची नळकांडी, वजन ४२ ग्रॅमच्या आसपास. आत ॲक्सेलेरोमीटर, जायरोस्कोप, दाब आणि तापमान मोजणारे सेन्सर. स्क्रीन आडवी केली की तुमचा फोन ओळखतो, तो याच जातीच्या सेन्सरमुळे. फरक एवढाच की सेन्सर फिश सेकंदाला २०४८ वेळा नोंद घेतो. त्याला टर्बाइनमध्ये सोडायचं, खाली वेचायचं आणि आतला डेटा बघायचा: कुठे आपटला, कुठे गरगरला, कुठे दाब पडला. त्यावरून टर्बाइनची पाती आणि पाण्याच्या वाटा बदलता येतात.

माझ्या मते या सगळ्या विषयातलं हे सगळ्यात हुशारीचं काम. जिवंत मासा बोलत नाही म्हणून बोलणारा मासा तयार केला.

मग पिल्लांना जीपीएस का लावत नाहीत?

पहिला प्रश्न सगळ्यांचा हाच असतो. दोन कारणं. जीपीएसचा सिग्नल साधारण १५७५ मेगाहर्ट्झचा, तो पाण्यात काही सेंटिमीटरमध्येच संपतो. खाऱ्या पाण्यात तर आणखी लवकर. दुसरं कारण बॅटरीचं. ज्याचं स्वतःचं वजन १०-१५ ग्रॅम, त्याच्या अंगावर फोनची बॅटरी कशी लादणार?

म्हणून वापरतात 'पिट टॅग'. काचेची बारीक कुपी, साधारण १२ मिलिमीटर लांब, लांब दाण्याच्या बासमतीएवढी म्हणा. आत एक चिप आणि तांब्याच्या तारेची गुंडाळी. बॅटरी नाहीच. सुईने पिल्लाच्या पोटात सोडतात. पिल्लू साधारण सहा-सात सेंटिमीटरचं असलं की चालतं.

हे काम कसं करतं? अगदी फास्टॅगसारखं. टोलनाक्यावर अँटेना रेडिओ लहरी सोडतो, काचेवरचा टॅग त्याच लहरींवर जागा होतो आणि आपला नंबर परत पाठवतो. पिट टॅगचंही तेच, फक्त फ्रीक्वेन्सी वेगळी. फास्टॅग ८६५ मेगाहर्ट्झच्या वर चालतो, पिट टॅग १३४.२ किलोहर्ट्झवर. एवढी कमी फ्रीक्वेन्सी पाण्यातून सहज जाते. तोटा असा की अंतर फार कमी. हाताएवढ्या, फार तर मीटरभर अंतरावरून मासा गेला तरच नोंद होते. (तुमच्या फोनच्या एनएफसीने हा टॅग वाचता येईल का? नाही. एनएफसी १३.५६ मेगाहर्ट्झवर आहे. पाळीव कुत्र्याची मायक्रोचिप वाचायला डॉक्टरकडे जो स्कॅनर असतो, तसा लागतो.)

आपल्याकडे गाई-बैलांच्या कानात जो पिवळा बिल्ला असतो, त्यावर १२ आकडी नंबर असतो. पण तो माणसाने जवळ जाऊन वाचावा लागतो. पिट टॅग नदीलाच वाचता येतो, हा फरक.

अमेरिकेच्या कोलंबिया नदीच्या खोऱ्यात १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हे चालू आहे. दरवर्षी लाखो पिल्लांना टॅग लावतात. धरणाच्या बाजूने जाणाऱ्या वाटांमध्ये आणि फिश लॅडरमध्ये अँटेना आहेत. पिल्लू खाली जाताना नोंद, आणि दोन-तीन वर्षांनी तोच मासा मोठा होऊन वर चढला की पुन्हा नोंद. एकाच नंबरचा जाण्या-येण्याचा हिशोब.

धरणाजवळ नेमकं कोणत्या वाटेने पिल्लू गेलं, हे बघायला दुसरं तंत्र आहे: आवाजाचे टॅग. यात छोटी बॅटरी असते. टॅग दर काही सेकंदांनी ४१६.७ किलोहर्ट्झचा 'पिंग' करतो. आपल्याला ऐकू न येणारा, पण पाण्यातल्या मायक्रोफोनला ऐकू येणारा. चार मायक्रोफोनवर तो आवाज किती-किती उशिरा पोहोचला, यावरून मासा कुठे आहे हे मीटरभराच्या अचूकतेने काढता येतं. पिल्लांसाठी असा टॅग अवघ्या पाव ग्रॅमच्या आत बनवला गेला आहे, सुईने टोचता येईल असा.

९६ टक्के म्हणजे किती?

स्नेक नदीच्या वरच्या भागातून समुद्राकडे जाणाऱ्या पिल्लाला आठ मोठी धरणं लागतात. लोअर ग्रॅनाइट हे पहिलं, बॉनव्हिल हे शेवटचं. वसंतात जाणाऱ्या पिल्लांसाठी तिथं निकष ठरला: एका धरणातून १०० पैकी ९६ जिवंत बाहेर पडली पाहिजेत. ऐकायला भारी वाटतं ना? फोनचा कॅल्क्युलेटर उघडा आणि ०.९६ ला आठ वेळा गुणा. उत्तर ०.७२. म्हणजे प्रत्येक धरण 'पास' झालं तरी १०० तली २८ पिल्लं गेली. जलाशयात मोठ्या माशांनी खाल्लेली, उशीर झालेली त्याच्यावर वेगळी. मोठे होऊन परत येणाऱ्यांचं उद्दिष्ट १०० मागे २ ते ६ असं आहे. स्नेक नदीच्या कितीतरी जथ्यांसाठी अनेक वर्षं हा आकडा २ च्याही खाली राहिला.

या टॅगच्या डेटामुळेच उपाय बदलत गेले. पिल्लं पृष्ठभागाजवळ पोहतात, धरणाचे दरवाजे मात्र खोलवर उघडतात, हे दिसलं. मग पाणी वरच्या थरातूनच सोडणारे सांडवे बसवले. १९७० च्या दशकापासून पिल्लं गोळा करून चक्क मोठ्या बोटींतून खाली नेऊन सोडतात. बोटीच्या टाकीत वाटभर नदीचंच पाणी फिरवतात, वास चुकू नये म्हणून. तरीही अशा माशांपैकी जास्त जण परतीच्या वेळी वाट चुकतात, हेही टॅगनेच सांगितलं.

आणि कुठे कुठे धरणच काढून टाकतात. क्लॅमथ नदीवरची चार धरणं २०२३-२४ मध्ये पाडली. काम संपून महिना व्हायच्या आत, ऑक्टोबर २०२४ मध्ये, जिथं शंभराहून जास्त वर्षं सॅल्मन पोहोचला नव्हता तिथं तो दिसला.

आता आपल्या पूर्णेकडे

हिंगोलीतलं पाणी दोन वाटांनी समुद्राला जातं. कयाधूचं पाणी पैनगंगेतून वर्धा, मग प्राणहिता, आणि सिरोंच्याजवळ गोदावरीत. पूर्णेचं पाणी थेट गोदावरीत, नांदेडच्या वर. दोन्ही शेवटी बंगालच्या उपसागरात.

गोदावरीत सॅल्मनसारखाच प्रवास करणारा मासा आहे: हिलसा. बंगालीत इलिश, आणि गोदावरीच्या तोंडाशी पूर आला की पकडतात तो तेलुगूतला पुलसा. एका माशाला हजारो रुपये मोजतात. तोही समुद्रातून नदीत चढतो, अंडी घालतो आणि पिल्लं परत खाली जातात. पण त्याची वाट राजमुंद्रीजवळ धवळेश्वरमला अडते. तिथला बंधारा आर्थर कॉटन यांनी १८५२ मध्ये पुरा केला. गंगेत हेच १९७५ मध्ये फराक्का बंधाऱ्याने केलं. आधी प्रयागराजपर्यंत मिळणारा हिलसा वर जवळजवळ दिसेनासा झाला. बांगलादेशात हिलशाच्या पिल्लांना 'जाटका' म्हणतात. २५ सेंटिमीटरपेक्षा लहान जाटका १ नोव्हेंबर ते ३० जून पकडायला बंदी असते, आणि त्या काळात मच्छीमार कुटुंबांना सरकार तांदूळ देतं. बंदीसोबत तांदूळ, हा भाग मला महत्त्वाचा वाटतो. उपाशी माणसाला नियम सांगून उपयोग नसतो.

पूर्णेतून निघालेलं एखादं पिल्लू समुद्राकडे जायचं म्हटलं तर? सिद्धेश्वर, विष्णुपुरी, बाभळी, श्रीरामसागर, येल्लमपल्ली, सुंदिल्ला, अन्नारम, मेडिगड्डा, तुपाकुलगुडेम, पोलावरम, धवळेश्वरम. नावं घेतली तरी अकरा झाली. यात बाभळीची गंमत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार तिचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. भांडण दोन राज्यांच्या पाण्याचं, पण माशांची चढ-उतार नेमकी याच महिन्यांत असते.

मामांचे मासे मात्र समुद्रात जात नाहीत. कटला, रोहू, मृगळ गोड्या पाण्यातलेच. पण पहिल्या पुरात वर चढून अंडी घालायची आणि पिल्लांनी पाण्याबरोबर खाली यायचं, ही सवय त्यांचीही. चढणीचे मासे म्हणतो ते हेच. उभ्या पाण्यात ते सहसा अंडी देत नाहीत. १० जुलै १९५७ ला डॉ. हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन करून दाखवलं, म्हणून आज बोटुकली विकत मिळते. आणि म्हणूनच ती दरवर्षी विकत घ्यावी लागते.

सॅल्मनचं तंत्र इथपर्यंत आधीच आलंय, ते असं. नॉर्वेने सॅल्मनच्या निवडक पैदाशीसाठी जी पद्धत वापरली, तिच्याच तज्ज्ञांबरोबर भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने रोहूवर काम केलं. कोणता मासा कोणत्या आई-बापाचा हे ओळखायला प्रत्येकाच्या पोटात पिट टॅग. त्यातून आलेला 'जयंती रोहू' १९९७ मध्ये, स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी जाहीर झाला.

मामांचा प्रश्न साधा आहे. संस्थेने पैसे काढून जुलै-ऑगस्टमध्ये बोटुकली सोडली. पुढे पाऊस जोरात झाला, येलदरी भरलं, सिद्धेश्वरचे दरवाजे उघडले, आणि पाण्याबरोबर बोटुकलीही गेली. खालच्या गावची पोरं जाळी घेऊन उभीच असतात. किती गेली, किती राहिली? कुणी म्हणतं चार आणे, कुणी म्हणतं बारा आणे.

मी त्यांना पिट टॅगचं सांगितलं. ते म्हणाले, "माशाला फास्टॅग लावतो म्हण. पण तुझं नाकं कुठं बसवणार? दरवाजातून पाणी येतंय का डोंगर येतोय, बघितलंस का कधी?"

मुद्दा बरोबर आहे. मीटरभराच्या टप्प्याचा अँटेना त्या लोंढ्यात टिकवणं सोपं नाही. लोअर ग्रॅनाइटच्या सांडव्यात काँक्रीटमध्येच अँटेना बसवायला २०२० उजाडलं. पण दरवाजावर मोजलंच पाहिजे असं नाही. जाळ्यात मोजता येतं. सॅल्मनवाले चिप येण्याआधीपासून आणि आजही एक स्वस्त खूण करतात: माशाचा एक छोटा पर मुळापासून कापतात. नीट कापला तर तो पुन्हा पहिल्यासारखा येत नाही.

हिशोब असा बसतो. ऑगस्टमध्ये सोडायच्या बोटुकलीपैकी हजार पिल्लांचा पोटाखालचा डावा पर कापायचा. दरवाजे बंद झाल्यावर, ऑक्टोबरमध्ये, त्याच आकाराची आणखी हजार पिल्लं उजवा पर कापून सोडायची. पुढच्या वर्षी जाळ्यात आलेल्या माशांत दोन्ही खुणा वेगवेगळ्या मोजायच्या. दोन्ही जवळपास सारख्या निघाल्या, तर पुरात फारसं काही गेलं नाही. उजव्या साठ आणि डाव्या वीस निघाल्या, तर ऑगस्टच्या तीन भागांतले दोन भाग गायब झाले, एवढं तरी समजेल. कोणत्या महिन्यात पैसे पाण्यात घालायचे, हे त्यावरून ठरवता येईल.

चिप नाही, अँटेना नाही. एक बारीक कात्री आणि एक वही. मामांनी वही कोण लिहिणार ते विचारलं आणि माझ्याकडे बघितलं. या ऑगस्टपासून नोंदी मी फोनवरच्या एक्सेल शीटमध्ये ठेवणार आहे.